डेम्लो संख्या : एका शिक्षकाचे संशोधन

ऑगस्ट २०१० मध्ये हैदराबाद येथे गणितज्ञांची जागतिक परिषद भरली. भारतात ती भरण्याची ही पहिलीच वेळ होती. तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेथील बहुतेक चर्चा सामान्य शिक्षकाच्या आवाक्याबाहेरची होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि गणित हा मूठभर विद्वानांचाच प्रांत होय, असा समज आपल्या शाळांतून दृढ होऊ नये. पाटीवरही संख्यांचा शोध घेता येतो, हे कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दाखवून दिले आहे. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शालेय शिक्षक होते.

मुंबईजवळील डोंबिवली स्थानकावर त्यांना एका संख्यासमूहाची कल्पना सुचली. त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी तिला 'डेम्लो संख्या' म्हटले. १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्यांपैकीच एक. ती सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील गणनेप्रमाणे तिचे अग्रस्थान 'मध्य' ठरते, म्हणजे 'परार्धा'च्या अगदी अलीकडचे.

अंक नऊपर्यंत चढतात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात, हे पाहून कोणी तिला दैवी वा शुभ मानील. परंतु तिचे मूळ साध्या गुणाकारात आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. त्याच क्रमाने नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग म्हणजे आपली संख्या. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी मिळतात व प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक एका, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. पुढे त्या कमी होत जातात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊपुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. (प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर, पहिल्या खेपेस सातवी ओळ सरकवावयास तो विसरला आणि सारा डोलारा कोसळला.)

तिच्या अंकांची बेरीज ८१ येते, म्हणून तिला ९ ने नि:शेष भाग जातो. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ असल्यामुळे आपल्या संख्येत यांपैकी प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो.

दहा एकांचा वर्ग केला की मात्र नियम मोडतो. दहाव्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला! शिक्षकांनी हा गुणाकार फळ्यावर स्वत: न सोडविता वर्गाकडून करवून घ्यावा आणि आठ कोठे गेला, हे मुलांनाच विचारावे. अकरा एकांचा वर्ग धीट विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा.