रात्रीची पाळी विचारा

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट पार पडलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुढचे काही आठवडे तिला उठवायला-बसवायला, कुशीवर वळवायला चोवीस तास माणूस लागेल. आमचं पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आम्ही दोघंही नोकरीवर. तेव्हा शुश्रूषा केंद्र शोधणं भागच होतं, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. पण पहिल्या केंद्रात आईने जे सोसलं ते आणखी कुणाच्या आईच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

तिथे भेटीची वेळ ठरलेली, संध्याकाळी पाच ते सहा. त्या तासात चादर पांढरीशुभ्र, आईचे केस विंचरलेले. आई मात्र गुंगीत. बोलता बोलता डोळे मिटायची. विचारलं की उत्तर यायचं, "वय झालंय ताई, असंच असतं." एकदा तिचे ओठ सुकलेले दिसले म्हणून पेला तोंडाला लावला, तर घटाघट प्यायली. तिथल्या एका मावशींनी जाता जाता हळूच सांगितलं, की रात्री डायपर बदलावा लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी हात आखडूनच देतात. रात्री अख्ख्या मजल्याला एकच मुलगी असते.

पलंगाच्या पायाशी कूस बदलल्याचा तक्ता टांगलेला होता, दर दोन तासांना एक सही. साडेपाचच्या सुमारास मी तो हातात घेतला, तर रात्री बारापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. सगळ्या एकाच पेनाने, एकाच हाताच्या. मी सिस्टरना तिथेच थांबवलं आणि आईला कुशीवर करायला सांगितलं. माकडहाडावरची कातडी गेलेली होती, भोवती जांभळट डाग पसरला होता. ती जखम भरून येईपर्यंत आईला फिजिओथेरपीही धड करता आली नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की जागा पाहू नका, माणसाची पाठ पाहा. आपला माणूस तिथे असेल तर दर भेटीत टाचा, माकडहाड, खुबे आणि डोक्याची मागची बाजू स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून सोडा. लाली क्षणभर फिकी पडली नाही, तशीच राहिली, तर तिथे जखमेची सुरुवात झाली आहे. या टप्प्यावर त्या जागेवरचा दाब काढला तर ती बरी होते. दुर्लक्ष झालं तर हाडापर्यंत जाते. "एअर बेड दिलाय" या उत्तरावर थांबू नका, एअर बेडवरही कूस बदलावीच लागते. मनगटांवर पट्टीचे वळ आहेत का तेही पाहा. गुंगी वाटली तर औषधांचा कागद मागून घ्या आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेचं औषध कुणी लिहून दिलं, कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जागा ठरवण्याआधी एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री नऊनंतर जा. येऊच देत नसतील तर दुसरी जागा बघा. आडवं ठेवून घास भरवत असतील तर तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बसतं करून भरवायला हवं, आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवायला हवं. खाटेजवळची घंटा पेशंटच्या हाताला पोचते का ते पाहा, स्वतः दाबा, कोण किती वेळात येतं ते बघा. रात्रपाळीला किती जण, त्यांत शिकलेली नर्स कोण, हे नावानिशी विचारा.

रात्रीचा आग्रह मी उगाच धरत नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली, ती मध्यरात्रीनंतर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली, तीही पहाटेच्या अंधारात. आपल्याकडे २००६ च्या कायद्यानुसार आगीपासून संरक्षणाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणा. मग सरळ विचारा, की दिवे गेले, धूर झाला, तर खाटेवरच्या माणसाला कोण उचलणार, कोणत्या जिन्याने नेणार? दुसऱ्या दाराला कुलूप आहे का ते स्वतः जाऊन बघा.

नोंदणीचंही तसंच. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येते, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं. बंगल्यात खाटा टाकून चालवलेल्या कित्येक जागा "आमचा वृद्धाश्रम आहे" म्हणून ते टाळतात. नळ्या घातलेले पेशंट आत दिसत असतील तर ही सबब ऐकून घेऊ नका. पैशांचं थोडक्यात सांगते: डायपर, फिजिओथेरपी, रुग्णवाहिका वेगळी की महिन्याच्या रकमेत, आणि अनामत कधी परत, हे लिहून घ्या.

आईला आम्ही दुसरीकडे हलवलं. ती जागा साधी, भिंतींचा रंगही उडालेला. पण दर सांगण्याआधी तिथल्या सिस्टरनी मलाच प्रश्न विचारले: आजींना कोणत्या कानाने ऐकू येतं, चहा कितीला लागतो, रात्री किती वेळा उठतात, कशाची भीती वाटते. आईच्या पाठीचा फोटो त्यांनी पहिल्याच दिवशी तारखेसह काढून ठेवला आणि आमची सही घेतली. हा फोटो तुम्हीही काढत जा, नेताना आणि दर आठवड्याला. तक्रार करायची वेळ आलीच तर तोच पुरावा. शहरात ती महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे द्या, हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, लेखी, आणि पोच घ्या. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनला फोन लावा. मात्र तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत आपलं माणूस त्याच खाटेवर ठेवू नका, आधी हलवा.