भिंतीवरचे चित्र

चिखलोलीहून अंबरनाथचे शिवमंदिर जवळच. इ. स. १०६० चे बांधकाम. सगळे काम दगडी. साडेनऊशेहून जास्त पावसाळे त्याने अंगावर घेतले, अजून उभे आहे.

पण कुडाची भिंत? ती चार पावसांत ओघळू लागते. अशा भिंतीवर चित्र कोण काढील?

वारल्यांच्या बायका काढत. लग्न ठरले की सवाशिणी भिंत शेणाने सारवत, वर गेरू देत. तांदूळ वाटून पाण्यात कालवला की झाला पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला कुंचला. भिंतीवर चौक काढायचा, चौकात पालघट देवी. लग्न झाले, पावसाळा आला, चित्र पुसट झाले. कोणी हळहळत नसे. पुढचे लग्न, पुढचे चित्र!

डहाणू तालुका आता पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत. लहानपणीच त्यांची आई गेली. पोराने बोलणेच सोडले. काय हवे ते मातीत बोटाने रेघा ओढून दाखवायचा.

पुढे, १९७० नंतर, भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर आले. त्यांनी कागद दिला. बायकांचे हे काम जिव्याबाबा रोज करू लागले, लग्न असो वा नसो. दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा. मासे धरायचे जाळे, मुंग्या, तारप्याभोवती वेटोळे घेऊन नाचणारी माणसे. पाहावे तर सगळे हलतेय असे वाटते. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री.

विलायतेत रिचर्ड लाँग नावाचा कलावंत आहे. १९६७ साली तो एका कुरणात पुन्हा पुन्हा चालला. गवत दबून सरळ रेघ उमटली. तेच त्याचे चित्र! गवत उठले की रेघ गेली, फोटो तेवढा राहिला. आपली पायवाट अशीच पडते, पण तिला चित्र म्हणायचे आपल्याला सुचले नाही. २००३ साली जर्मनीत या दोघांचे एकत्र प्रदर्शन झाले.

जिव्याबाबा २०१८ मध्ये वारले. त्यांची मुलेही चित्रकार झाली.

कागदावर चित्र टिकते, विकले जाते, घराला हातभार लागतो. हे चांगलेच झाले. आम्हाला एकच खुपते. जिव्याबाबांचे नाव कागदाबरोबर जगभर गेले. त्यांच्याआधी भिंती रंगवणाऱ्या सवाशिणींची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.