थंडीत थिजू नये, उन्हात गळू नये

२७ वर्षं मी ग्रीस बनवलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मधल्या आकाराच्या एका कारखान्यात. लग्नकार्यात कुणी विचारलं, की मी "केमिस्ट आहे" एवढंच सांगायचे. ग्रीस म्हटलं की समोरच्याची नजर आधी माझ्या नखांकडे जायची.

या काळात ज्या नोंदी वहीत उतरवल्या, त्यातल्या निम्म्या एकाच ऑर्डरने शिकवलेल्या आहेत. एका कंत्राटदाराची पोकलेन मशिनं उन्हाळ्यात जैसलमेरकडच्या चुनखडीच्या खाणीत चालायची. त्यातलीच काही पुढे लेहच्या वरच्या रस्त्याच्या कामाला जायची. त्याला दोन्हीकडे एकच ग्रीस हवं होतं. मागणीपत्रात लिहिलं होतं, "उणे ३० ते अधिक १५० अंश". आम्ही हो म्हणालो. धंद्यात आधी हो म्हणतात, मग घाम गाळतात.

१. १५० अंश नेमके कुठे, ते आधी विचारा.

मी विचारलं नाही. आठ महिने वरच्या आकड्यामागे धावले. मग मे महिन्यात स्वतः खाणीवर गेले आणि दुपारी अडीच वाजता, मशिन चालून थांबल्या थांबल्या, बूमच्या पिनवर तापमापक धरला. ८४ अंश. बकेटच्या पिनवर ७९. आर्मवर हात टेकवला तर चटका बसत होता, पण १५० कुठेच नव्हते. खरेदी खात्यातल्या कुणीतरी दुसऱ्याच कुठल्या ग्रीसच्या माहितीपत्रकावरून तो आकडा उतरवून घेतला होता. उणे ३० मात्र खरे निघाले.

ग्रीसची वरची बाजू वाढवत नेली की खालची कुठेतरी सुटते. ज्या ६६ अंशांची गरजच नव्हती, त्यांच्यासाठी मी जड तेल वापरून बसले होते.

२. ड्रॉप पॉइंटवर भाळू नका.

ड्रॉप पॉइंट म्हणजे ठरावीक भांड्यात ग्रीस तापवत नेलं की पहिला थेंब ज्या तापमानाला खाली पडतो, ते तापमान. साध्या लिथियम ग्रीसचा १९० च्या आसपास येतो, लिथियम कॉम्प्लेक्सचा २५० च्या वर. गिऱ्हाईक हाच आकडा आधी बघतं. पण ते ग्रीस तिथपर्यंत काम करतं असा त्याचा अर्थ नाही. साधं लिथियम १२०-१३० च्या पुढे सतत चालवू नये.

एकदा रंगाच्या भट्टीतल्या कन्व्हेयरसाठी आम्ही बेंटोनाइट मातीचं ग्रीस दिलं. माती वितळत नाही, म्हणून ड्रॉप पॉइंटच नाही! आम्ही खूश, गिऱ्हाईक खूश. चार महिन्यांनी बेअरिंग उघडलं तर आत चुलीतल्या कोळशासारखा कडक काळा थर. माती जागच्या जागी होती, तेल उडून गेलं होतं.

उष्णता ग्रीसला वितळवून मारते त्यापेक्षा म्हातारं करून जास्त मारते. धंद्यातला ढोबळ हिशोब असा की ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. ७० ला जे १६ महिने टिकेल, ते १३० ला एक महिना.

३. थंडीत साबण अडत नाही, तेल अडतं.

ग्रीसमध्ये ८०-९० टक्के तेलच असतं. उरलेला भाग मुख्यतः साबणाचा, तो ते तेल धरून ठेवतो, इतकंच. डिसेंबरात खोबरेलाची बाटली उलटी केली की काय होतं ते आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मिनरल तेलात मेण असतं, थंडीत त्याचे स्फटिक होतात आणि तेल थिजतं. आम्ही घेतलेलं तेल जाडपणाच्या ४६० ग्रेडचं होतं. पिन आणि बुश सावकाश फिरतात, भार प्रचंड, म्हणून जाड तेल हवं, हा हिशोब बरोबरच होता. पण ते तेल उणे ९ लाच वाहायचं थांबायचं.

पहिल्या हिवाळ्यात लेहहून फोन आला. तिकडचा मेकॅनिक निघाला सांगलीचा. म्हणाला, "मॅडम, तुमचं ग्रीस पंपात मांडी घालून बसलंय. उठायला तयार नाही."

त्या मशिनांवर आपोआप ग्रीस सोडणारी यंत्रणा होती. बारीक नळ्यांतून दर काही मिनिटांनी थोडं थोडं ग्रीस पिनपर्यंत जायचं. नळीतच ते अडलं, दाब वाढून पंप सुटायला लागला आणि पिना कोरड्या चालल्या. डबा भरलेला दिसतो म्हणून ऑपरेटर निर्धास्त. दोन बुश गेले, तेव्हा कळलं.

४. थंडी मुरू द्या.

लाजिरवाणी गोष्ट अशी की आमच्या प्रयोगशाळेत हेच ग्रीस पास झालं होतं.

चाचणी सोपी आहे. पाव इंची तांब्याची २५ फूट नळी वेटोळं करून फ्रीजरमध्ये ठेवायची, तिच्यात ग्रीस भरून १८०० पीएसआयपर्यंत दाब द्यायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि ३० सेकंदांनी काटा कुठे उतरला ते बघायचं. काटा जितका खाली, तितकं ग्रीस थंडीत वाहतं. आम्ही उणे २० ला ठेवून दोन तासांनी वाचलं, साडेतीनशे. छान. फोन आल्यावर तीच नळी मी रात्रभर ठेवली आणि सकाळी चहा न घेताच आधी व्हॉल्व्ह उघडला. काटा ११०० वर थांबला तो थांबलाच.

ग्रीसमधून उष्णता फार सावकाश जाते. मेणाच्या स्फटिकांनाही जुळायला वेळ लागतो. लोणचं एका दिवसात मुरत नाही, तशी थंडीही दोन तासांत ग्रीसमध्ये मुरत नाही. तिकडे मशिन रात्रभर उघड्यावर उभं असतं. तेव्हापासून आमच्या चाचणीच्या कागदावर "किती अंश" याच्या शेजारी "किती तास" असा रकाना आला. तो मी हट्टाने छापून घेतला.

५. पीएओ महाग आहे, आणि नखरेलही.

मेण नको असेल तर कारखान्यात जुळवून बनवलेलं तेल घ्यावं लागतं. पॉलीअल्फाओलेफिन, सगळे पीएओच म्हणतात. हलका पीएओ उणे ५० च्या खालीही वाहतो. तापमान बदललं तरी त्याचा जाडपणा मिनरल तेलाइतका बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण. आम्ही पातळ आणि जाड असे दोन पीएओ मिसळून १५० च्या ग्रेडला आलो. भार पेलण्यासाठी ३ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलं, म्हणजे ती काळी मॉली. किमतीचा कागद बघून मालकांनी चष्मा काढून पुसला.

पहिला नखरा साबणाचा. मिनरल तेलात ८-९ टक्के साबणात जे ग्रीस उभं राहायचं, त्याला पीएओत १२-१३ टक्के लागला. हे तेल साबणाला नीट जवळच करत नाही. दुसरा नखरा रबराचा. नुसत्या पीएओत नायट्राइल रबराचं सील आकसतं आणि कडक होतं. चाचणीत ७० तास बुडवलेली रिंग मी बोटात धरून वाकवली तर ती जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी लागली. एस्टर तेलाने उलट होतं, रबर फुगतं. म्हणून १० टक्के एस्टर घातलं. दोघांची भांडणं एकमेकांत मिटली, साबणही जरा खुलला.

६. केटलजवळच्या माणसाचं ऐका.

केटल म्हणजे ग्रीस शिजवायचं मोठं भांडं. आमच्या केटल ऑपरेटरना सगळे मामा म्हणत. शिक्षण नववी. माझ्या फॉर्म्युल्याचे आकडे त्यांनी कधी वाचले नाहीत, आणि माझ्या निम्म्या बॅचेस त्यांनीच वाचवल्या.

लिथियम ग्रीसचा साबण केटलमध्येच तयार होतो. तेलात १२-हायड्रॉक्सी स्टिअरिक ॲसिड विरघळवायचं, गरम पाण्यात लिथियम हायड्रॉक्साइड, आणि ते पाणी धीराने सोडायचं. घाई केली की दूध उतू जावं तसा फेस काठावर येतो. कॉम्प्लेक्स करायचं तर सेबॅसिकसारखं दुसरं आम्ल त्याच्या जोडीला. पाणी उडवत तापमान २०० च्या आसपास न्यायचं. तिथे सगळं पातळ, पारदर्शक होतं. आणि मग खरी मेख असते ती थंड करण्यात. थंड होताना साबणाचे धागे तयार होतात, सुंभासारखे पीळ बसलेले. ते लांब झाले की ग्रीस ओढलं तर तार येते. आखूड झाले की ते लोण्यासारखं लागतं.

जानेवारीत बनवलेल्या बॅचचं पेनिट्रेशन, म्हणजे घट्टपणाचा आकडा, मे महिन्यातल्या बॅचशी जुळेना. फॉर्म्युला तोच, माल तोच. मी तीन आठवडे आम्लाच्या पिंपांवर संशय घेत बसले. मामा एक दिवस म्हणाले, "मॅडम, केटलभोवतीच्या जॅकेटचं पाणी बघा की. थंडीत टाकीचं पाणी गार असतं, माल पटकन बसतो. उन्हाळ्यात रेंगाळतो." त्यांनी अंगठा आणि तर्जनीत दोन बॅचचं चिमूटभर ग्रीस घेऊन माझ्यासमोर बोटं फाकवली. एकाची तार अर्धा इंच आली, दुसऱ्याची आलीच नाही. त्यानंतर पाणी मोजून सोडायला लागलो.

याच केटलच्या काठावर मामांनी सांगितलेली एक गोष्ट. त्यांचे वडील बैलगाडी चालवायचे. आसाला वंगण म्हणून एरंडेलात काजळी खलून लावायचे. मी त्यांना सांगितलं, की हे १२-हायड्रॉक्सी एरंडेलातूनच निघतं, सेबॅसिकसुद्धा. एरंडीचं पीक जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे, त्यातही गुजरातेत. मामा केटलकडे बघून म्हणाले, "म्हणजे एवढं करून शेवटी एरंडेलच!" वर ती मॉली, म्हणजे काजळीही होतीच.

(लिथियमचं मात्र तसं नाही. ते बाहेरून येतं. २०२१-२२ मध्ये गाड्यांच्या बॅटऱ्यांनी त्याचा भाव काही पटींनी चढवला, तेव्हा सगळ्यांना कॅल्शियम सल्फोनेटच्या ग्रीसची आठवण झाली. ते पाण्याला उत्तम, उष्णतेला उत्तम. पण त्यात घट्ट करणारा भाग इतका जास्त असतो की थंडीत नळीतून ढकलणं कठीण. लेहसाठी मी ते घेतलं नाही.)

७. दह्याला पाणी सुटतं, तसं ग्रीसला तेल सुटलंच पाहिजे.

डब्यावर तेल तरंगताना दिसलं की गिऱ्हाईक डबा परत पाठवतं. अरे बाबा, तेच तेल बेअरिंगला वंगण देतं! अजिबात न सुटणारं ग्रीस पिनला उपाशी ठेवतं. फार सुटलं तर मागे नुसता साबण उरतो. मधलं गाठायचं.

८. जे चालतं, त्याला नंबर असेलच असं नाही.

ग्रीसचा घट्टपणा मोजायचा तर ते २५ अंशांना आणायचं, भांड्यात ६० वेळा दट्ट्याने मळायचं, वरून सुरीने सपाट करायचं, दांड्यासकट १५० ग्रॅमचा कोन टोक जेमतेम टेकेल असा आणायचा आणि सोडायचा. पाच सेकंदांत तो मिलिमीटरच्या किती दशांशांनी रुतला, तो आकडा. २६५ ते २९५ म्हणजे दोन नंबर, ३१० ते ३४० म्हणजे एक नंबर.

दोन नंबर लेहला अडला. एक नंबर जैसलमेरला पिनच्या कडेने ओघळून धुळीत मिसळला. आठ बॅचेस केल्या. जी दोन्हीकडे तगली, तिचा आकडा ३०२ आला. हा आकडा दोन आणि एकच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो, तिथे नंबरच नाही. विक्रीवाले हैराण. डब्यावर काय छापू? मी म्हटलं, दीड छापा. धंद्यात दीड चालतं. त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय.

९. आधीचं ग्रीस काढल्याशिवाय नवं भरू नका.

मातीचं ग्रीस आणि लिथियमचं एकत्र आलं की दोन्ही चांगली असूनही पातळ रस्सा होऊ शकतो. एवढंच.

१०. हात कसे धुणार, ते विचारात घ्या.

दुसरा हिवाळा गेला. नळ्या अडल्या नाहीत, पिना कोरड्या पडल्या नाहीत. फेब्रुवारीत सांगलीकरांचा फोन आला. मला वाटलं, कौतुक असेल.

"ग्रीस चालतंय मॅडम, त्याचं काही नाही. पण हाताचं काळं निघत नाही. इथं पाणी बर्फाचं, साबणाला फेसच येत नाही. जेवायला बसलं की भाकरीवर बोटं उमटतात."

मॉली काळीच असते आणि कातडीच्या रेषांत जाऊन बसते. फॉर्म्युल्यात त्यावर काही उपाय नव्हता. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, आधी गोडंतेल चोळायचं, मग लाकडाचा भुसा, मग साबण. कारखान्यात आम्ही सगळे तेच करायचो. मी फोनवर तसं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मॅडम, मी बसलोय तिथून नजर जाईल तिथवर एक झाड नाही. भुसा कशाचा आणू?"