एका फेरीचा वेग आणि सबंध शर्यत

पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेत पंप, दारे आणि डिझेल इंजिने यांची देखभाल करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, अशा अर्धापूरच्या रहिवाशाने संगणकावरील मोटारशर्यतींविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आजच्या उत्तम रेसिंग खेळांत टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगांचा ताठपणा, टाकीतील इंधनाचे वजन आणि गाडीवरून वाहणारा वारा या सर्वांचा हिशेब क्षणोक्षणी मांडला जात असल्यामुळे, यंत्रांवर हात काळे केलेल्या माणसाचा अनुभव तेथेही उपयोगी पडतो. माझ्या भाच्याच्या व त्याच्या मित्रांच्या चमूत राहून जे पाहिले, ते तालुक्याच्या गावी बसून अशा स्पर्धांची तयारी करणाऱ्या इतर मुलांच्या कामी यावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

घरातील वडीलधाऱ्यांनी या विद्येला पोरखेळ समजून मोडता घालू नये, अशी माझी आरंभीच विनंती आहे. 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळातून खरे चालक निवडण्यासाठी चालविलेल्या 'जीटी अकॅडमी'त २०११ साली विजयी ठरलेला यान मार्डेनबरो हा ब्रिटिश तरुण २०१३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत प्रत्यक्ष गाडी चालविता झाला. आणि आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सची दखल क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतली आहे.

आमच्या मुलांनी निवडलेला खेळ 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने' हा होता, जो इटलीतील कुनोस सिमुलाझिओनी या संस्थेने २०१९ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला व ज्यात मुख्यत्वे जीटी३ वर्गाच्या गाड्या धावतात. त्यांनी भाग घेतलेल्या स्पर्धेतील पहिली शर्यत मोंझाची होती. ५.७९३ किलोमीटरांचा, लांब सरळ पट्ट्यांचा आणि त्यामुळे निखळ वेगाचा मोह घालणारा असा तो मार्ग. तेव्हा मुलांनी एका नामांकित परदेशी खेळाडूचा तयार सेटअप, म्हणजे गाडीच्या सर्व भागांची ठरविलेली जुळणी, मिळविला, त्यातील मागची विंग जवळजवळ तळाला नेलेली होती, आणि सरावात भाच्याची एकेक फेरी इतकी जलद होऊ लागली की, सर्वांनी तयारी झाली असे मानून वह्या मिटल्या. पात्रता फेरीत गाडी तिसऱ्या क्रमांकावर आली. शर्यतीत मात्र प्रारंभीच्या काही फेऱ्या सुखरूप गेल्यावर मागचे टायर तापू लागले, पुढच्या गाडीच्या पाठोपाठ धावताना विंगेला स्वच्छ वारा मिळेना, आणि अस्कारीच्या वळणात ॲक्सिलरेटरवर पाय पडताच गाडीची शेपटी फिरून ती वाळूत गेली. तेथून भाचा परत मार्गावर आला तो शेवटच्या गाड्यांत.

याची मीमांसा आम्ही दुसऱ्या दिवशी शांतपणे केली. तो सेटअप वाईट नव्हता. तो दुसऱ्या हातासाठी, टाकीत थोडेसे इंधन असताना, मोकळ्या रस्त्यावरील एका फेरीसाठी बांधलेला होता. पेट्रोलचे एक लिटर सुमारे पाऊण किलो भरते, म्हणजे ८० लिटर घेऊन निघालेली गाडी ६० किलोंचा जादा भार वाहत असते. त्या भाराने तिची उंची, ब्रेक लागण्याचे अंतर आणि टायरांवरील ताण ही सर्व बदलतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, सेटअपची पारख पूर्ण टाकी भरून, सलग लांब धाव घेऊन, जमल्यास मित्राच्या गाडीमागे चालवून करावी, आणि पहिल्या फेरीचा वेळ नव्हे, तर शेवटच्या पाच फेऱ्यांचा वेळ दप्तरी नोंदवावा.

सर्वाधिक लक्ष टायरच्या दाबाकडे द्यावे, कारण बाकीचे सर्व फेरफार त्याच्यावर उभे असतात. या खेळात कोरड्या मार्गावर जीटी३ गाडीच्या तापलेल्या टायरचा दाब साधारण २६ ते २७ पीएसआय असावा लागतो. पण पिटमध्ये जो आकडा भरावयाचा तो थंड टायरचा असतो, आणि थंडाचा गरम किती होईल हे हवेच्या तापमानावर, ब्रेकच्या डक्टवर व चालकाच्या सवयीवर अवलंबून असते. हवा एक अंश बदलली की दाब सुमारे ०.१ पीएसआयने बदलतो, असे आम्ही धरून चालतो. दुपारच्या सरावातील आकडा रात्रीच्या शर्यतीला जसाच्या तसा लावणारा चालक त्यामुळे पहिल्या वळणापासूनच कमी पकडीवर धावत असतो. चार-पाच फेऱ्यांनंतर चारही चाकांचे दाब, आणि प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागाचे तापमान वहीत उतरवावे. आतली कड वाजवीपेक्षा फार तापत असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरपेपणा, कमी करून पाहावा.

फेरफार एका वेळी एकच करावा, हा नियम मी मुलांना अक्षरशः हुकूम म्हणून घालून दिला. कालव्यावर तीन दारे एकदम उचलली, तर खालच्या चारीत वाढलेले पाणी कोणत्या दाराचे, हे कोणालाच सांगता येत नाही. वळणात गाडीचे नाक बाहेर जात असेल तर पुढचा अँटी-रोल बार एक पायरी मऊ करा किंवा मागचा कडक करा, दोन्ही नव्हे. मग पुन्हा लांब धाव घ्या. विंगेची एक-दोन अंशांची वाढ सरळ पट्ट्यावर किंचित वेग खाते, पण नवख्या चालकाला ती शर्यतभर जे स्थैर्य देते त्याचे मोल अधिक आहे. डँपरांना हात शेवटी लावावा. धावेच्या नोंदी दाखविणाऱ्या 'मोटेक' या प्रणालीच्या आलेखांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या रेषा पाहण्याची सवय जडली, तर दोष गाडीचा की पायाचा, याचा निवाडा वादावादीशिवाय होतो.

स्पर्धेची नियमावली आधी वाचावी. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मधील अनेक ऑनलाइन शर्यतींत सेटअपला हात लावण्याची मुभाच नसते, तेथे सारी तालीम चालकाची. पैशाच्या बाबतीतही सावध असावे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली असून प्रवेशशुल्क व कामगिरीवरील बक्षीस त्यात बसते, परंतु बाजी लावून खेळण्याला मनाई आहे. तेव्हा मित्रमंडळींत शर्यतीवर पैज लावण्याचा प्रस्ताव आला तर तो तेथेच मोडून काढावा.

राहता राहिली आपल्या मुलखाची बाजू. नांदेड-नागपूर रस्त्यावरच्या या गावी, केळीच्या बागांना इसापूरच्या कालव्याचे पाणी मिळते तरी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत संगणक इतका तापतो की चित्र अडखळू लागते. म्हणून संगणक भिंतीपासून दूर, खालच्या मजल्यावर ठेवावा व त्याची धूळ महिन्याला झाडावी. वीज क्षणभर गेली तरी संगणक यूपीएसवर तगतो, परंतु राउटर बंद पडून गाडी शर्यतीतून बाद होते. तेव्हा राउटरही त्याच यूपीएसला जोडावा आणि वाय-फायऐवजी केबल वापरावी. वेळेवर मोजलेल्या शर्यतीत घड्याळ संपल्यावरही चालू फेरी पुरी करावी लागते, म्हणून इंधनाच्या हिशेबात एक फेरी जादा, आणि सुरुवातीच्या फॉर्मेशन फेरीची आणखी एक धरावी. पात्रता फेरीच्या व शर्यतीच्या फायलींना निरनिराळी नावे द्यावीत, कारण घाईत पात्रता फेरीचाच सेटअप राहून गेला तर टाकीत जेमतेम चार फेऱ्यांचे इंधन असते. आमच्याकडे शर्यतीचे सत्र सुरू होताच इंधनाचा आणि चारही टायरांच्या दाबाचा आकडा मोठ्याने वाचून वहीशी ताडून पाहण्याचे काम धाकट्या भाचीकडे सोपविले आहे, आणि तिने होकार दिल्याखेरीज कोणीही गाडी ग्रिडवर नेत नाही.