कोणत्या बाजूने?

फर्स्ट इयरच्या मित्रांनो, लिमिटचं गणित दिसलं की आपण काय करतो? डोळे मिटून किंमत घालतो. उत्तर आलं तर ठीक, नाहीतर एल हॉस्पिटल! मीही तेच केलं आणि टर्म टेस्टला पाच मार्क घालवले. गणित असं होतं (मराठी विभागात लिहितोय, म्हणून एक्सला क्ष म्हणू): क्ष शून्याकडे जात असताना १ / (१ + २^(१/क्ष)) ची लिमिट काढा. म्हणजे छेदात १ अधिक २ चा १/क्ष इतका घात.

माझं उत्तर: १/क्ष अनंत, दोनचा अनंत घात अनंत, एक भागिले अनंत म्हणजे शून्य. तीन ओळींत विषय संपला. सरांनी लाल पेनने एवढंच लिहिलं, "कोणत्या बाजूने?"

रात्री रूमवर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. क्ष = ०.१ घेतलं. १/क्ष झाले १०, २ चा दहावा घात १०२४ (कॉम्प्युटरवाल्यांना पाठच असतो), उत्तर १/१०२५, म्हणजे जवळजवळ ०.००१. शून्याकडेच चाललंय की! मग क्ष = -०.१ घेतलं. आता घात -१०, म्हणजे १/१०२४. छेद एकाहून जेमतेम जास्त आणि उत्तर ०.९९९. क्ष -०.०१ केला, तर कॅल्क्युलेटरने सरळ १ दाखवला.

उजवीकडून आलं तर ०, डावीकडून आलं तर १. दोन्ही वाटा एका ठिकाणी पोचत नाहीत, म्हणून लिमिट अस्तित्वातच नाही. प्रत्यक्ष शून्यावर काय आहे, याच्याशी लिमिटला देणंघेणं नाही. इथे तर तिथे किंमतच नाही.

पण प्रत्येक गणितात दोन्ही बाजू बघत बसू नका, पेपर संपायचा नाही. साधं बहुपद असेल तर किंमत घालून मोकळे व्हा. मॉड, पूर्णांक भागाचा चौकटी कंस, घातातला १/क्ष किंवा तुकड्यांत दिलेलं फलन दिसलं की मात्र थांबा. आणि २ च्या डोक्यावरचा वजा म्हणजे उणे दोन नव्हे, दोनकडे डावीकडून येणं.

"हे कुठे लागतं?" असं विचारणाऱ्यांनी इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये जावं. रिकामा कपॅसिटर, १ किलोओहमचा रेझिस्टर, ५ व्होल्टचा सप्लाय, सगळं सिरीजमध्ये. स्विच दाबला. त्या क्षणाच्या अलीकडून पाहिलं तर करंट ०, पलीकडून पाहिलं तर ५ मिलिअँपिअर. कपॅसिटरवरचं व्होल्टेज मात्र दोन्हीकडून शून्यच, ते उडी मारत नाही. नेटवर्कच्या पेपरात इनिशियल कंडिशन काढताना शून्याच्या डोक्यावर जे वजा आणि अधिक लिहितात, ते हेच.