ब्रेक मी मारला, धडकला तो, चूक कुणाची?

प्रश्न : शेलूबाजारला सोयाबीनची ट्रॉली आडवी आली म्हणून मी ब्रेक मारला. मागची कार माझ्या डिकीवर आदळली. आता तो म्हणतो, ‘तुम्हीच अचानक थांबलात.’ त्याची चूक सिद्ध कशी करू?
– एक वाचक, मंगरुळपीर

उत्तर : पुढची गाडी एकदम थांबली तरी आपली आवरता येईल एवढं अंतर ठेवणं, हे मागच्याचं काम. २०१८ च्या निशान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवलं होतं. पण विनाकारण ब्रेक मारला असं ठरलं, तर थोडा दोष तुमच्याही पदरात पडतो. म्हणून सगळा खेळ त्या ट्रॉलीचा आहे. ती पाहणाऱ्या टपरीवाल्याचं नाव-नंबर आजच घ्या. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा गाठा. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. ते कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो काढलेत? डांबरावरचे टायरचे काळे पट्टे, टेललाइटच्या काचांचा सडा, दोन्ही नंबरप्लेट एका चौकटीत, असे हवेत. नुसत्या चेपलेल्या डिकीचा फोटो गॅरेजातही निघतो.

पोलिसांत नोंद करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचं तर कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. पण किरकोळ डेंटिंगसाठी वाशीमच्या कोर्टात खेटे कशाला? तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी नसेल, तर चूक कुणाचीही असो, दुरुस्ती त्यातून होते. नो क्लेम बोनसवर मात्र पाणी सोडावं लागतं.