लेथला वीज देण्याआधी

सोलापूर

चि. बाळा,


लेथ वैरागला पोचला, असं ताईनं फोनवर सांगितलं. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा जुना एंटरप्राइज, बेड फारसा घासलेला नाही, तीन जबड्यांचा चक सोबत. वस्तू चांगली निवडलीस. पण पुढचं ऐकलं आणि लगेच लिहायला बसलो. घरच्या सिंगल फेजवर कंडेन्सर टाकून तो चालवायचा आणि कंडेन्सर वस्तीवरचा मोटार दुरुस्तीवाला बसवून देणार, असं तुझं ठरलंय म्हणे. ते थांबव. घरच्या विजेवर हा लेथ चालेल आणि नीट चालेल, पण त्या वाटेनं नाही.

वस्तीवरच्या लोकांचा अनुभव खोटा नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत एक फेज गेला की आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारी कंडेन्सर लावूनच चालल्या, आणि त्यावर पिकं वाचली. पण पंपावर भार एकसारखा असतो. तीच विहीर, तोच पाइप, तेवढंच पाणी. मोटार सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत करंट जवळपास तोच. त्या एका करंटला जुळणारा कंडेन्सर निवडता येतो. लेथचं तसं नाही. चक रिकामा फिरतो, मग तू कट घेतोस, मग टूल मागे घेऊन माप बघतोस. कटाला जुळणारा कंडेन्सर रिकाम्या फिरण्याला मोठा पडतो. तिन्ही वाइंडिंगचे करंट विषम होतात आणि काहीच काम नसताना मोटार तापते. रिकाम्याला जुळवलास तर कट घेताना ती दबते. शिवाय कंडेन्सर कितीही जुळवला तरी मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या ताकदीच्या दोन तृतीयांशापर्यंतच भरवसा धरायचा.

मुळात गोष्ट अशी आहे, बाळा. सिंगल फेजचं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होतं, फिरत नाही. म्हणून फेज गेलेली मोटार नुसती गुणगुणते आणि हातानं ढकलली तर ज्या बाजूला ढकलली त्या बाजूला फिरू लागते. तीन फेज एकामागून एक येतात, त्यामुळे क्षेत्र आपोआप फिरतं. दोलिवो-दोब्रोवोल्स्कीनं 1889 मध्ये अशी मोटार करून दाखवली आणि 1891 मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टला 175 किलोमीटर तीन फेजची वीज नेली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तुझ्या लेथमधली मोटार त्याच तत्त्वावर चालते. हे मला अजूनही थोर वाटतं.

तुला तेच फिरतं क्षेत्र घरात तयार करायचंय. त्यासाठी ड्राइव्ह घे, म्हणजे व्हीएफडी. तो घरची वीज आधी डीसी करतो आणि तिच्यातून तीन फेज बनवतो. पण 230 व्होल्ट आत घेणारा साधा ड्राइव्ह बाहेरही 230 व्होल्टच देतो आणि तुझी मोटार 415 ची आहे. म्हणून ड्राइव्ह विकत घेण्याआधी मोटारीची पाटी वाच आणि टर्मिनल बॉक्स उघड.

आपल्याकडे साधारण 2 एचपीपर्यंतच्या मोटारी 415 ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्यावरच्या डेल्टामध्ये. स्टारमध्ये असेल तर तुझं नशीब. प्रत्येक वाइंडिंगवर मुळात 240 च व्होल्ट येतात, तेव्हा टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून डेल्टा केलंस की तीच मोटार 230 च्या ड्राइव्हवर जवळजवळ पूर्ण ताकदीनं चालते. बाहेर तीनच वायरी आल्या असतील तर स्टारची गाठ आत बांधलेली असू शकते. ती खोलून सहा टोकं बाहेर काढायचं काम चांगल्या वाइंडरकडे दे, स्वतः करू नकोस. जुन्या वार्निशची तार हात लागताच तडकते.

मोटार 415 ला डेल्टामध्ये असेल, आणि 3 एचपीची असेल तर ती तशीच असेल, तर 230 व्होल्टवर पन्नास सायकलला तिला एक तृतीयांशच जोर मिळेल. सुरू होईल, फिरेल, आणि कट घेतलास की थांबेल. मग तिला 230 साठी रिवाइंड करून घे, किंवा तेवढ्याच ताकदीची 230 डेल्टाला चालणारी दुसरी मोटार त्या बैठकीवर बसव. मी असतो तर रिवाइंड केली असती, कारण जुन्या मोटारीचं लोखंड दणकट असतं. सिंगल फेजची मोटार बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. तिच्या जोराला सेकंदाला शंभर ठोके असतात आणि फिनिशिंग कटात कधीकधी ते पृष्ठभागावर दिसतात.

वायरिंगचं नीट ऐक. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच, स्टार्टर, कंडेन्सर, काहीही ठेवायचं नाही. लेथवरचा जुना कॉन्टॅक्टर आणि पाण्याचा छोटा पंप ड्राइव्हच्या आउटपुटला जोडायचा नाही. चालू-बंदची बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर आण. 3 एचपीचा ड्राइव्ह पूर्ण भाराला घरच्या लाइनीवरून 20 अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून 16 च्या सॉकेटमधून तो चालवायचा नाही. मेन बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. अर्थिंगही स्वतंत्र. वैरागची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, नाहीतर तो नावालाच राहतो. आणि वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतला कंडेन्सर काही मिनिटं भरलेला असतो. त्याच्या पुस्तकात लिहिलेला वेळ पूर्ण थांबल्याशिवाय झाकण काढायचं नाही. घरात ताई असते, पोरं येतात-जातात.

रब्बीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं ते तू पाहिलंयसच. सरळ लाइनीवरच्या मोटारीला 230 ऐवजी 180 मिळाले तर जोर साठ टक्क्यांवर येतो. ड्राइव्हही ठरावीक मर्यादेखाली ट्रिप होतो, आणि ते चांगलंच आहे. त्या वेळी जड कट घ्यायचाच नाही.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. तुझ्या हौशीसाठी, घरच्या कामासाठी लेथ फिरवतोस तोवर ठीक. पण तू लोकांची कामं घेऊ लागशील, हे मला माहीत आहे; हात चांगला असला की माणसं शोधत येतात. घरगुती जोडणीवर धंदा करणं 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतं आणि मग आकारणी दुप्पट दरानं होते. पहिलं पैशाचं काम हातात घेण्याआधी महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज कर. तीन फेज मिळाले तर तोच लेथ सरळ स्टार्टरवर चालेल. मात्र मोटार तू 230 ची करून ठेवली असशील तर ती 415 ला तशीच जोडू नकोस. आधी पट्ट्या पुन्हा स्टारमध्ये आण. हे टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेव.

मोटारीला वीज द्यायच्या आधी इन्सुलेशन तपासायला 500 व्होल्टचा मेगर लावायचा. वाइंडिंग ते बॉडी एक मेगोहमपेक्षा कमी दाखवलं तर आधी मोटार वाळवायची. मेगर मी घेऊन येतो, गाडीनं बार्शी रस्त्यानं. तोवर स्पिंडलवर चक कसा बसतो ते पाहून ठेव. आट्यांवर स्क्रू होणारा असेल तर ड्राइव्हचा थांबण्याचा वेळ लांब ठेवावा लागेल आणि रिव्हर्स बंद करावा लागेल. झटक्यात थांबवलं किंवा उलटं फिरवलं की तसा चक सुटून बाहेर येतो. पाटीचा फोटो पाठव, टर्मिनल बॉक्सचाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा